वात, सांडवा आणि वाफसा : आपोआप पाणी पिणाऱ्या कुंड्यांच्या नोंदी

१२ जानेवारी

मागच्या वर्षी आठ दिवस बाहेर होते. परत आले तेव्हा गच्चीवरच्या सतरा कुंड्यांपैकी सहा जिवंत होत्या, आणि त्यातल्या चारांत कोरफड होती. कोरफडीचं श्रेय मी घेत नाही. बाबा घरीच असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीच्या बावीस पायऱ्या चढायची मनाई आहे.

या मे महिन्यात पुन्हा बारा दिवस जायचंय. तोवर असं काहीतरी जमवायचं, की बारा दिवस कुणी झारी उचलली नाही तरी टोमॅटोने मान टाकता कामा नये. प्रकल्प एवढाच.

पाच मांडण्या ठरवल्या आणि प्रत्येकीवर खडूने नंबर टाकले. एक म्हणजे साधी कुंडी, रोज हाताने पाणी; ही तुलनेसाठी. दोन, बादलीत बादली: वर माती, खाली पाणी, मधे वात. तीन, ६० लिटरचा टब, तळाशी पाण्याचा कप्पा. चार, पसरट कुंडीत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं. पाच, ताटात उलटी ठेवलेली पाणी भरलेली बाटली आणि त्याच ताटात उभ्या छोट्या कुंड्या. पिकं तीनच: टोमॅटो, मिरची, पालक.

मोजायला सामान तोलायचा ताणकाटा, मोजपट्टी आणि मापाचा मग. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मातीत बोट खुपसून अंदाज बांधण्यापेक्षा कुंडी काट्याला लटकवून आकडा लिहिणं बरं. ओल दाखवणारा दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर घरात होता. मागे तीन आठवडे मातीत ठेवला तर त्याचे काटे हिरवे पडून झिजले. ओल्या मातीत धातूतून वीज सोडली की तो झिजणारच. सेन्सर बाद.

१९ जानेवारी

वातीची परीक्षा. पाणी वर चढतं ते केशाकर्षणाने, आणि नळी जितकी बारीक तितकं उंच. त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर साधारण १५ सेंटिमीटर; १ मिलिमीटर असेल तर जेमतेम दीड सेंटिमीटर. हा हिशेब कागदावरचा. दोरीत किती बारीक वाटा असतात ते दोरीलाच विचारायला हवं.

तारेवर पाच वाती टांगल्या, सगळ्यांची टोकं शाईच्या पाण्यात. सुती कापडाची पिळलेली पट्टी तासाभरात १३ सेंटिमीटर चढली, चोवीस तासांत २२. तागाची सुतळी १६ वर थांबली. विणलेली नायलॉन दोरी तासाभरात फक्त ४. प्लास्टिकची पिवळी दोरी, जी कपडे वाळत घालायला वापरतात, ती १ सेंटिमीटरवर अडकली. तिला पाण्याचं वावडंच आहे. पाचवी होती जुन्या मायक्रोफायबर पुसण्याची पट्टी, १९ सेंटिमीटर.

नायलॉनचं मला आश्चर्य वाटलं. मग ती साबणाच्या गरम पाण्यात खळखळून धुतली आणि पुन्हा टांगली: तासाभरात ११, दिवसभरात १७. नव्या दोरीवर कारखान्यातलं तेलकट लेपण असतं, ते निघेपर्यंत वात ‘धरत’ नाही.

सुती पट्टी पहिली आली. तीच वापरणार.

२४ जानेवारी

उंची मोजून भागत नाही हे दोन दिवसांनी डोक्यात आलं. वात २२ सेंटिमीटर चढली म्हणजे तिथवर ओली झाली. दिवसाला किती पाणी पोचवते हा वेगळाच प्रश्न. म्हणून वातीचं वरचं टोक कोरड्या टॉवेलच्या घडीत गुंडाळलं, घडी पंख्यासमोर ठेवली आणि खालच्या भांड्यातलं पाणी किती घटलं ते मोजलं. घडी पाण्यापासून ५ सेंटिमीटर वर असताना दिवसाला ३८० मिलिलिटर. १० वर २१०. १५ वर ९०. २० वर ३०, म्हणजे नावापुरतंच.

आजचा धडा असा: टाकी खोल करून उपयोग नाही. पाणी जसजसं खाली जातं तसतशी वात लंगडी होते. पसरट आणि उथळ टाकी हवी. बादल्या मात्र आणून झाल्या आहेत, त्यामुळे दोन नंबरला चार वाती लावते.

२ फेब्रुवारी

टब बांधला. पहिला बेत सोपा होता: तळाशी ११ सेंटिमीटर खडी, वर कापड, कापडावर माती. एका कोपऱ्यात पाणी ओतायला उभी नळी. बाजूला ११ सेंटिमीटर उंचीवर एक भोक. या भोकाला मी सांडवा म्हणते, कारण त्याचं काम धरणाच्या सांडव्याचंच: पाणी त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. सांडवा नसेल तर ही कुंडी नव्हे, डबकं.

खडीत पाणी मावलं ६.२ लिटर. खडी नसती तर त्याच जागेत १५ लिटरच्या वर बसलं असतं. निम्म्याहून जास्त जागा दगडांनी खाल्ली.

९ फेब्रुवारी

खडी काढली. आठवडाभर टब खडीवर नुसती माती भरून, रोपांशिवाय ठेवला होता. पाणी भरलेलं असताना कापड ओलं. पातळी दोन सेंटिमीटर उतरली की कापड कोरडं. खाली पाचेक लिटर पाणी तसंच पडून. कारण १९ जानेवारीच्या नोंदीत मीच लिहिलंय: खडीतल्या पोकळ्या मिलिमीटरच्या, त्यातून पाणी सेंटिमीटरभर चढेल, फार तर दीड. स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचावं माणसाने.

नवी रचना: तळाशी उलट्या प्लास्टिकच्या परड्या, त्यावर भोकं पाडलेली फळी. दोन परड्या मात्र सुलट्या ठेवल्या आणि त्यात मातीचं मिश्रण ठासून भरलं. फळीला तिथे मोठी भोकं आहेत, म्हणजे वरची माती या दोन पायांनी थेट पाण्यात उभी. माती हीच वात. आता टाकीत १३ लिटर मावतात, आणि सांडवा फळीच्या एक सेंटिमीटर खाली असल्यामुळे पाणी आणि फळी यांच्यात हवेला जागा राहते.

मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे). बागेतली चिकणमाती अजिबात नाही. ती खालून सतत भिजली की विटेसारखी बसते.

१५ फेब्रुवारी

रोपं लावली. दोन नंबरमध्ये एक टोमॅटो. टबात एक टोमॅटो आणि दोन मिरच्या. चार आणि पाचमध्ये पालक. पहिले दोन-तीन आठवडे वरूनच पाणी द्यावं लागेल, मुळं अजून बोटभर लांबीची आहेत आणि ओल खाली आहे.

संध्याकाळी मिश्रणाची एक परात भरून खाली नेली. बाबा म्हणाले, “बघू दे गं.” मूठभर घेतलं, दाबलं, तळहात उघडला. लाडूसारखा गोळा. बोटांच्या फटीतून पाणी आलं नाही. मग अंगठ्याने हलकेच टिचकी मारली, गोळा दोन-तीन ढेकळांत फुटला. “हा वाफसा,” ते म्हणाले. “फुटला नाही तर चिखल, गोळाच झाला नाही तर धूळ.”

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यात नेमकं काय असतं ते आज हाताला कळलं. मातीच्या पोकळ्यांत पाणीही हवं आणि हवाही हवी. मी इतके दिवस वहीत ‘ओल’ लिहीत होते. आजपासून मुठीची परीक्षा दर रविवारी, वजनाच्या आकड्याशेजारी.

२३ फेब्रुवारी

फजिती. पालकाची रोपं एका ट्रेमध्ये होती. त्यांना पाणी मिळावं म्हणून दहा लिटरची बादली स्टुलावर ठेवली आणि तीन वाती बादलीच्या काठावरून खाली ट्रेमध्ये सोडल्या. सकाळी बादली रिकामी, ट्रे तुडुंब, रोपं तरंगतायत.

वातीचं बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर ती वात राहत नाही, वक्रनलिका (सायफन) होते. हळू वाहते, पण थांबत नाही. टोक पातळीच्या वर असलं की मात्र माती जेवढं ओढेल तेवढंच जातं. आता बादली जमिनीवर, ट्रे स्टुलावर. इतकीच अदलाबदल, पण रोपं अर्धी गेली.

७ मार्च

मडक्याबद्दल लिहायचं राहून जातंय, कारण ते काही त्रासच देत नाही. पद्धत जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीलेखनात पुरलेल्या मडक्याभोवती वेल लावण्याचं वर्णन सापडतं. न भाजलेलं नव्हे, भाजलेलंच, पण झिलई नसलेलं. निवडताना एक परीक्षा: मडकं भरून अर्धा तास ठेवायचं आणि बाहेरून हात फिरवायचा. हाताला ओल लागली तर घ्यायचं. चारपैकी दोन मडकी कोरडी ठणठणीत निघाली, त्यांना बाहेरून रंगाचा हात मारलेला होता.

दीड लिटरचं मडकं पहिल्या दिवशी १.१ लिटर प्यायलं, कारण आजूबाजूची माती कोरडी होती. नंतर ते रोज ३५० ते ४०० मिलिलिटरवर आलं. माती ओली असली की ओढ कमी, झिरपणं कमी. कुणी तोटी फिरवत नाही आणि तरी प्रमाण सांभाळलं जातं, हे मला पाचही मांडण्यांत सगळ्यात देखणं वाटतं. पण ओल पोचते मडक्यापासून वीतभरच. कुंडीच्या कडेचा पालक खुरटा, मडक्याला खेटलेला तळहाताएवढा.

वर झाकण हवंच. नसलं तर डास.

१४ मार्च

डासांचं बोलले आणि टबाच्या नळीत अळ्या दिसल्या. नळीला बारीक जाळी रबराने बांधली, सांडव्यालाही. साठलेलं सगळं पाणी काढून टाकी पुन्हा भरली. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही.

२१ मार्च

पाच नंबर. उलट्या बाटलीचं तत्त्व सोपं: ताटातली पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली की हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढं पाणी बाहेर येतं, तोंड बुडालं की थांबतं. सतराव्या शतकातल्या एदमे मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने जी बाटली ओळखली जाते, तिचीच ही धाकटी बहीण. सावलीत छान चालत होतं.

ऊन कडक झाल्यावर रोज दुपारी ताट ओसंडून वाहायला लागलं. बाटलीला चीर गेली असेल म्हणून दोन दिवस चीर शोधली. चीर नव्हती. बाटली अर्धी रिकामी होती, म्हणजे आत अडीच लिटर हवा. सकाळी २५ अंश, दुपारी हात लावला तर चटका, ४५ धरू. नुसती हवा फुगली असा हिशेब केला तर १७० मिलिलिटर पाणी बाहेर ढकललं जायला हवं. ताटाखाली परात ठेवून मोजलं तर त्याच्या दुप्पट. मग लक्षात आलं, आत कोरडी हवा नाही, वाफही आहे, आणि वाफेचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. तो धरला की हिशेब ३५० च्या आसपास येतो. जुळलं.

म्हणजे बाटली जितकी रिकामी तितकी ती उन्हात जास्त ओकणार. बाटलीला पांढरं कापड गुंडाळून तिला भिंतीच्या सावलीत हलवलं. शेवाळही कमी झालं, ते वेगळं.

२८ मार्च

काही विशेष नाही. टोमॅटोला फुलं. एक नंबरला रोज सकाळी पाणी देतेय आणि मधूनच विसरतेय. तुलनेची कुंडी म्हणून ती अगदी प्रामाणिक आहे.

३ एप्रिल

दोन नंबरचा टोमॅटो सकाळी अकरालाच मलूल. खालच्या बादलीत पाहिलं तर तीन लिटर पाणी. कुंडी ताणकाट्याला लावली: ९.१ किलो. ओली असताना १२.६ भरते. खाली पाणी, वर साडेतीन किलोची तूट.

वरची बादली उचलली. चारपैकी दोन वाती तळाला लोंबतच नव्हत्या. उरलेल्यांपैकी एक चिमटीत धरली, तर भिजलेल्या कागदासारखी तुटून हातात आली, तपकिरी आणि बुळबुळीत. सुती वात सात आठवड्यांत कुजली. जानेवारीत पहिली आलेली तीच. परीक्षा एका दिवसाची घेतली आणि काम चार महिन्यांचं दिलं, चूक वातीची नव्हे.

त्यात पाणीही खोल गेलेलं होतं. टोमॅटो आता रोज दीड लिटरच्या आसपास पितो आणि १४ सेंटिमीटरवरून चार धडधाकट वातीसुद्धा दिवसाला चारशे मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ शकल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट आज समजली. नव्या वाती लावल्या, टाकी काठोकाठ भरली, संध्याकाळी वजन ९.२. माती ओढतच नव्हती. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी झटकून टाकतं आणि केशाकर्षणाची साखळी मधेच तुटते; खालून भरून काहीही होत नाही. शेवटी वरून झारीने थोडं थोडं, दहा मिनिटं थांबून पुन्हा, असं तीनदा दिलं. रात्री ११.८. पानं उभी राहिली.

वाती आता धुतलेल्या नायलॉनच्या, आणि शिवाय वरच्या बादलीच्या तळाला टबासारखाच एक मातीचा पाय काढला.

११ एप्रिल

रात्री अवेळी पाऊस, तोही मुसळधार. सकाळी टबातल्या दोन्ही मिरच्यांनी माना टाकलेल्या. सवयीने हात झारीकडे गेला आणि मधेच थांबला. मूठभर माती दाबली: मनगटापर्यंत पाणी ओघळलं.

सांडवा बंद होता. १४ मार्चला मीच लावलेल्या जाळीवर कोकोपीटचे तंतू आणि टोमॅटोची पांढरी मुळं यांचा बोळा बसला होता. तार घालून मोकळा केला तेव्हा जे पाणी आलं त्याला सडक्या अंड्याचा वास. हवा संपली की मातीतले वेगळेच जिवाणू कामाला लागतात, वास त्यांचा. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे भरलेल्या मातीत मुळं अक्षरशः गुदमरतात आणि पाण्यात उभं राहून रोप सुकतं. तहानलेलं आणि बुडालेलं रोप वरून अगदी सारखं दिसतं. पाणी द्यायच्या आधी मूठ दाबायची, एवढं या वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलं.

एक मिरची गेली. दुसरी खालची पानं गाळून उभी आहे. टोमॅटोला काहीच झालेलं दिसत नाही, उलट सांडवा तुंबवणारी मुळं त्याचीच.

२०१५ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर वाढवलेल्या झिनियांनाही जास्त पाण्यामुळे बुरशी धरली होती. तिथेही पाणी वातीनेच दिलं जात होतं. त्यांच्याकडे अख्खी संस्था होती आणि माझ्याकडे तार, या विचाराने जरा बरं वाटलं.

सांडव्याचं भोक ८ वरून २० मिलिमीटर केलं, त्यात बाहेर उतार दिलेला पाइपचा तुकडा बसवला. जाळी आता बाहेरच्या टोकाला, हाताशी येईल अशी.

१९ एप्रिल

टबाच्या मातीवर पांढरा खरबरीत थर. बुरशी समजून नखाने खरवडला. जिभेला लावला तर खारट. (लावू नये, पण लावला.) क्षार. नेहमीच्या कुंडीत पाणी वरून जातं आणि तळातून क्षार धुऊन नेतं. इथे पाणी खालून येतं, पृष्ठभागावरून उडून जातं, आणि सोबत आणलेलं तिथेच ठेवतं.

नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर १८० दाखवतो, म्हणजे लिटरमागे १८० मिलिग्रॅम. रोज दोन लिटरने साठ दिवसांत १२० लिटर, म्हणजे २१ ग्रॅमहून जास्त. त्यातलं काही रोप घेतं, तरी खत वेगळं. टाकी रिकामी करून वरून तीन बादल्या पाणी सावकाश ओतलं. सांडव्यातून पहिलं आलेलं पाणी: २,१०० च्या वर. तिसऱ्या बादलीनंतर ४५०. हे दर महिन्याला करायचं. वर वाळलेल्या पानांचं चार बोटं आच्छादन घातलं, म्हणजे बाष्पीभवनही कमी.

मडक्याचंही तेच झालंय: झिरपणं ३८० वरून २५० वर. छिद्रं बुजतायत. काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवलं.

दोन नंबरच्या टोमॅटोला पहिली सहा फळं आली, त्यातल्या चारांचं बूड काळं आणि चामड्यासारखं. टबातल्या टोमॅटोला एकही नाही. माती तीच, खत तेच. फरक ३ एप्रिलच्या कोरडेपणाचा, कारण काळं बूड त्याच सुमारास धरलेल्या फळांना आहे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं. प्रवाह तुटला की ते मातीत असूनही फळाच्या टोकाला पोचत नाही. चुना घालायचा सल्ला मिळाला होता, घातला नाही.

२६ एप्रिल

जायला आठ दिवस. हिशेब: टब रोज २.३ लिटर, दोन नंबर १.६. मिळून ३.९, बारा दिवसांना ४७ लिटर. टबाची टाकी १३ लिटरची, साडेपाच दिवसांत संपणार.

म्हणून शेजारी १०० लिटरचा ड्रम विटांवर चढवला. ड्रममधून नळी एका छोट्या डब्यात, डब्यात बॉलकॉक (पाणी ठरल्या पातळीला आलं की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारी तोटी), आणि डब्याच्या तळातून दोन नळ्या: एक टबाला, एक खालच्या बादलीला. डबा, टब, बादली एकाच पातळीला बसवले, म्हणजे पाणी आपली पातळी आपण शोधेल. बॉलकॉक ११ ऐवजी ८ सेंटिमीटरवर बंद होईल असा ठेवला. पाऊस आला तर वर तीन सेंटिमीटर जागा. ड्रमच्या पाण्याला उंची अर्ध्या मीटरचीही नाही, त्यामुळे बॉलकॉकमधून लिटरभर यायला दीड मिनिट लागतं. दिवसाला चार लिटर हवेत, घाई कुणाला आहे?

चार आणि पाच नंबरना काही जोडलेलं नाही. त्यांनी आपापलं बघावं.

४ मे

ड्रमवर खडूने रेघ: १०० लिटर. सांडवा मोकळा, जाळ्या जागेवर, एक नंबर उचलून खाली बाबांच्या खिडकीत. निघाले.

१७ मे

वर गेले तर दोन्ही टोमॅटो हिरवेगार, मिरचीला नवी फूट. ड्रममध्ये ७९ लिटर.

अपेक्षा ५३ ची होती. बारा दिवसांत फक्त २१ लिटर खर्च? आच्छादनामुळे असेल का? पण आच्छादन २६ एप्रिलच्या मोजणीतही होतंच. चहा घेतानाही तोच विषय काढला, की बाबा, गंमत बघा, निम्म्याहून कमी पाण्यात भागलं. बाबा कपात बघत बसले. मग म्हणाले, “मी टाकत होतो गं, रोज दोन तांबे. एवढ्या उन्हात नुसतं बघवेना.”

तांब्या मोजला. सव्वा लिटरला जरा कमी. दोन तांबे गुणिले बारा दिवस, साधारण २८ लिटर. आणि २१. एकूण ४९. हिशेब चोख, प्रयोग मात्र फुकट. बावीस पायऱ्या, रोज, तांब्या हातात घेऊन.

“गुडघ्यांचं काय, बाबा? तुम्हाला मनाई आहे ना?”

“डॉक्टरांना नको सांगूस.”

मडक्याभोवतीचा आणि बाटलीजवळचा पालकही जिवंत आहे, तेही तांब्याचंच काम. त्यांचे आकडे वहीत लिहिलेच नाहीत.

१८ मे

पुन्हा पहिल्यापासून. ड्रम १०० लिटर. मी घरीच आहे, पण बारा दिवस कुणी पाणी घालायचं नाही, मीसुद्धा. ड्रमवर पाटी: हात लावू नये. बाबांनी ती वाचली आणि “मला काय दिसत नाही का” म्हणाले.

२२ मे

मडकं चौथ्याच दिवशी रिकामं. घरी असून मडक्यात पाणी न ओतणं फार अवघड जातंय. बाबांना काय वाटलं असेल ते आता कळतंय.

२५ मे

पाच नंबर संपला. बाटली कालच रिकामी, आज पालक ताटावर आडवा. आठवड्याच्या वर ती जाणार नाही हे लिहून ठेवते. मडक्याभोवतीची सहा रोपं अजून तग धरून आहेत, कडेची वाळली.

३० मे

बारावा दिवस. ड्रममध्ये ४९ लिटर, म्हणजे ५१ खर्च. हिशेबापेक्षा चार लिटर जास्त, पण एप्रिलपेक्षा ऊनही जास्त होतं. दोन नंबर ताणकाट्यावर १२.४. काल-आज मिळून टबातली अकरा टोमॅटो उतरवली, एकाचंही बूड काळं नाही.

बाबांना वर नेलं, कठडा धरून, सावकाश. त्यांनी आच्छादन बाजूला सारून टबातली मूठभर माती घेतली. दाबली, टिचकी मारली. फुटली. मग कोपरापर्यंत हात घालून फळीजवळची घेतली. टिचकी मारली, गोळा तसाच. पुन्हा मारली. तसाच. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आठ सेंटिमीटर जास्त होतायत. बॉलकॉकचा दांडा बोटाच्या एका पेराइतका खाली वाकवला.